हिरवा चुडा आणि हिरवा पडदा

शिकागोच्या वायव्येला असलेल्या शॉमबर्गमध्ये गणेशोत्सवासाठी मुलींच्या नाचाचा व्हिडिओ करायचा ठरलं, की बेसमेंटमध्ये हिरवं कापड टांगलं जातं, कारण नाचामागे शनिवारवाडा दिसायला हवा असतो. मुलींच्या हातात मात्र हिरवा चुडा असतो. सॉफ्टवेअरला ‘हिरवं काढ’ म्हटलं की कापडासोबत बांगड्याही जातात आणि मनगटातून वाड्याचा दिल्ली दरवाजा दिसू लागतो. शक्य असेल तर निळं कापड घ्यावं, हे माझं पहिलं सांगणं. मग फक्त कुणाची पैठणी निळी नाही ना, एवढं बघायचं. पण चित्रीकरण होऊन गेलं असेल, तरी चुडा परत आणता येतो. त्यासाठी मॅट म्हणजे काय ते नीट कळायला हवं.

मॅट हे एक कृष्णधवल चित्र असतं. पांढरं तिथे दृश्य दिसतं, काळं तिथे लपतं, करडं तिथे अर्धवट पारदर्शक होतं. आठ बिटच्या चित्रात प्रत्येक बिंदूला ० ते २५५ पैकी एक आकडा मिळतो, बस. रांगोळीच्या छाप्यात भोक असतं किंवा नसतं. मॅटमध्ये मधल्या सगळ्या पायऱ्या असतात, म्हणूनच उडणारे केस त्यात मावतात. मास्क म्हणजे आपण हाताने आखलेला आकार. त्यातूनही शेवटी मॅटच तयार होते.

ही कल्पना संगणकाच्या फार आधीची आहे. दादासाहेब फाळक्यांच्या १९१८च्या ‘श्रीकृष्ण जन्म’मध्ये कंसाचं मस्तक धडावेगळं होऊन वर जाताना दिसतं. त्या काळी अशा दृश्यांसाठी चौकटीचा काही भाग काळ्याने झाकून चित्रीकरण करत, फिल्म मागे गुंडाळत आणि कोऱ्या राहिलेल्या भागावर दुसरं दृश्य घेत. चूक झाली की सगळं पुन्हा.

आता चुडा. आधी नाचणाऱ्या मुलीभोवती सैलसा मास्क काढून बेसमेंटचे कोपरे, दिवे, कापडाच्या सुरकुत्या बाहेर टाकाव्यात. याला गार्बेज मॅट म्हणतात. आत उरलेल्या भागावरच कीइंग, म्हणजे हिरवा रंग काढून टाकण्याचं काम, करावं. मग मूळ व्हिडिओची प्रत, कीइंग न करता, सगळ्यांत वरच्या लेयरवर ठेवावी आणि तिच्यावर फक्त मनगटांचे मास्क काढावेत. वेगळी प्रत घ्यायची ती रंगासाठी. कापडाची हिरवी झाक अंगावरून काढणारं साधन बांगड्यांचा हिरवाही खाऊन टाकतं आणि चुडा राखाडी दिसतो. हात न लावलेल्या प्रतीत तो जसाच्या तसा असतो.

मास्कची रेष सगळीकडे सारखी नेमकी असण्याची गरज नाही. हाताच्या त्वचेवर ती सैल चालते. बांगडीमागे थेट कापड दिसतं त्या कडेला मात्र तिने बांगडीलाच चिकटून जायला हवं, नाहीतर हिरवी किनार राहते. बांगडी आणि मनगट यांच्यातल्या फटीतूनही कापड डोकावतं; तिथे वजाबाकीचा छोटा मास्क लागतो.

हात हलतात तेव्हा फ्रेमगणिक आखत बसू नये. हात जिथे दिशा बदलतो त्या टोकाच्या फ्रेमवर आधी कीफ्रेम द्यावी, म्हणजे मास्कची तिथली जागा नोंदवावी, मग मधोमध, मग गरज असेल तिथेच. बिंदू कमीत कमी ठेवावेत, नाहीतर कडा थरथरते. गिरकीत हात अस्पष्ट होतो तिथे फेदर, म्हणजे मास्कच्या कडेचा मऊपणा, तेवढाच वाढवावा.

मधूनमधून रंगीत चित्र बंद करून नुसती मॅट बघावी. पार्श्वभूमीतले करडे ठिपके आणि शरीरातली भोकं लगेच दिसतात. ती घालवायला काळ्या-पांढऱ्याच्या मर्यादा आवळाव्या लागतात, पण फोनचे बहुतेक व्हिडिओ रंगाची माहिती चौथाईच साठवतात, त्यामुळे कडा आधीच खडबडीत असतात. फार आवळलं तर गजऱ्याभोवतीचे केस कात्रीने कापल्यासारखे दिसतील. तिथे थोडा करडा राहू द्यावा.