हृदयाचा छोटा पहारेकरी



मुलाने डॉक्टर व्हावे की इंजिनिअर, हा विषय आपल्या घरांत दरवर्षी निकालाच्या सुमारास निघतोच. या अंकात एका अशा हृदयरोगतज्ज्ञांची माहिती देत आहे, ज्यांच्या कामात ही दोन्ही शास्त्रे एकत्र आली. त्यांचे नाव डॉ. मिशेल मिरोव्स्की.

त्यांचे कार्य समजण्यासाठी आधी थोडे शरीरशास्त्र पाहू. हृदय हा रक्ताचा पंप आहे, हे आपण शाळेत शिकतो. या पंपाला चालवणारी वीज त्याच्यातच तयार होते. उजव्या अलिंदात पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. आपण शांत बसलेलो असताना तो मिनिटाला ६० ते १०० वेळा संदेश पाठवतो आणि त्या तालावर हृदय आकुंचन पावते. हा ताल फार मंदावला तर पेसमेकर बसवतात.

याउलट, कधी कधी खालच्या कप्प्यांत, म्हणजे निलयांत, विजेचा गोंधळ माजतो. हृदय नुसते थरथरते आणि रक्त पुढे जात नाही. काही सेकंदांत माणूस बेशुद्ध होऊन कोसळतो. हार्ट अटॅकमध्ये हृदयाची रक्तवाहिनी तुंबते. येथे मात्र विजेचा ताल बिघडतो. पहिल्यातून दुसरे उद्भवू शकते, पण दोन्ही एक नव्हेत. ही थरथर थांबवण्याचा उपाय म्हणजे छातीला विजेचा झटका देणे. उपचाराविना जाणाऱ्या प्रत्येक मिनिटाला वाचण्याची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते.

मिरोव्स्की यांचा जन्म १९२४ मध्ये पोलंडची राजधानी वॉर्सा येथे ज्यू कुटुंबात झाला. १९३९ मध्ये जर्मनीने पोलंडवर आक्रमण केले. त्यांनी पंधराव्या वर्षी घर सोडले. मागे राहिलेले कुटुंब युद्धात नष्ट झाले. युद्धानंतर त्यांनी फ्रान्समधील लियाँ येथे परक्या भाषेत वैद्यकीय शिक्षण पूर्ण केले आणि पुढे ते इस्रायलमध्ये काम करू लागले.

तेथे त्यांचे ज्येष्ठ सहकारी आणि गुरुस्थानी असलेले डॉ. हॅरी हेलर यांना हृदयाच्या तालाचा विकार जडला. झटका देणारे यंत्र तेव्हा मोठे आणि अवजड असे व ते रुग्णालयातच असे. ते हाताशी हवे म्हणून माणसाने जन्मभर रुग्णालयात राहावे काय? १९६६ मध्ये डॉ. हेलर यांचे निधन झाले. त्या दुःखातून मिरोव्स्की यांना एक प्रश्न पडला : हे यंत्र इतके लहान का करू नये, की ते रुग्णाच्या शरीरातच राहील, ताल बिघडला हे स्वतः ओळखेल आणि स्वतःच झटका देईल?

१९६८ मध्ये ते अमेरिकेत बाल्टिमोर येथील सायनाय रुग्णालयात गेले. तेथे डॉ. मॉर्टन मॉवर यांच्यासह १९६९ मध्ये त्यांनी पहिला नमुना तयार केला. कौतुक मात्र वाट्याला आले नाही. १९७२ मध्ये डॉ. बर्नार्ड लाऊन यांनी एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात या कल्पनेवर कडक टीका केली. लाऊन हे साधे टीकाकार नव्हते. बाहेरून झटका देण्याची सुरक्षित पद्धत विकसित करणाऱ्यांत ते अग्रणी होते.

मिरोव्स्की यांनी भांडण केले नाही, प्रयोग वाढवले. यंत्र बसवलेला कुत्रा कोसळतो, यंत्र झटका देते आणि तो शेपटी हलवत उठतो, अशी चित्रफीत त्यांनी दाखवली. कुत्र्याला पडायला शिकवले असेल, अशीही शंका निघाली! तेव्हा चित्रफितीत हृदयाचा विद्युत आलेखही सोबत दाखवण्यात आला. डॉ. स्टीफन हाइलमन यांची मेडरॅड कंपनी आणि अभियंते अ‍ॅलोइस लँगर यांनी यंत्र लहान व भरवशाचे करण्यास मदत केली.

अखेर ४ फेब्रुवारी १९८० रोजी जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हे यंत्र प्रथमच माणसाच्या शरीरात बसवले गेले. शस्त्रक्रिया करणारे डॉ. लेव्हाय वॉटकिन्स हे व्हँडरबिल्ट वैद्यकीय महाविद्यालयाचे पहिले कृष्णवर्णीय पदवीधर होते. १९८५ मध्ये अमेरिकन सरकारची मान्यता मिळाली. १९९० मध्ये मिरोव्स्की यांचे निधन झाले. पहिले यंत्र सुमारे पाव किलोचे होते आणि त्यासाठी छाती उघडावी लागे. आजचे यंत्र शंभर ग्रॅमच्याही आत असते व बहुधा गळपट्टीच्या हाडाखाली, त्वचेखाली बसवतात.

मी स्वतः हिंदी माध्यमाचा पदवीधर आहे. माध्यम कोणते, यापेक्षा प्रश्न विचारण्याची सवय महत्त्वाची, असे मला या चरित्रावरून वाटते. पालकांनी मुलांचे विचित्र वाटणारे प्रश्न हसण्यावारी नेऊ नयेत. आणि मुलांनो, मोठ्यांनी हरकत घेतली तर रुसू नका, पुरावा आणा.

हे यंत्र प्रत्येकाजवळ नसते, पण दोन हात असतात. कोणी अचानक कोसळले, हाकेला ओ देत नसेल आणि श्वास नीट चालत नसेल, तर ताबडतोब १०८ किंवा ११२ वर फोन करावा. मदत येईपर्यंत छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० वेळा जोराने दाबत राहावे. प्रौढ व्यक्तीची छाती किमान ५ सेंटिमीटर दबली पाहिजे. हे कौशल्य वाचून नव्हे, सरावाने येते. म्हणून वरच्या वर्गांसाठी आणि शिक्षकांसाठी दरवर्षी एक प्रशिक्षणवर्ग घ्यावा, अशी विश्वस्त मंडळींना माझी नम्र विनंती आहे. आपल्या पालकांपैकी जे डॉक्टर असतील, त्यांनी यासाठी एक दिवस द्यावा.

— मुख्याध्यापक