मोटारीतला लपलेला पहारेकरी

परदेशी स्थायिक झालेल्या मुलाबाळांकडे दोनचार महिने राहून येणारी कुटुंबे आता आपल्या समाजात विरळ राहिलेली नाहीत. बडोदे असो, इंदूर असो वा बेळगाव, प्रत्येक आळीत एखादे तरी घर असे सापडते की ज्याचा एक उंबरठा अमेरिकेत आहे. तेथून परतलेली मंडळी प्रशस्त रस्त्यांचे व शिस्तबद्ध वाहतुकीचे कौतुक करतात आणि मग आवाज किंचित खाली आणून एका चिमुकल्या यंत्राची हकीकत सांगतात. मोटारीत कोठेतरी बारीक आवाज होतो, चालक चटकन वेग कमी करतो आणि पुढच्या वळणावर झाडाआड उभी असलेली पोलिसांची गाडी दिसते. हे यंत्र पुष्कळदा काचेवरही नसते आणि समोरच्या फळीवरही नसते. ते मोटारीच्या अंगातच दडविलेले असते. ते चालते कसे, बसवितात कसे आणि बसविल्याने काय साधते व काय गमावते, याचा विचार आज आम्ही वाचकांपुढे मांडीत आहोत.

वेग मोजण्याची युक्ती

स्टेशनात न थांबणारी गाडी शिटी वाजवीत आपल्या समोरून निघून जाते, तेव्हा जवळ येताना त्या शिटीचा स्वर चढा लागतो आणि दूर जाताना तोच स्वर उतरतो. हा अनुभव प्रत्येकाचा आहे. त्यामागचे तत्त्व ख्रिश्चन डॉप्लर या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने १८४२ साली मांडले. लहरी सोडणारी वस्तू आणि त्या ग्रहण करणारा यांच्यातील अंतर कमीजास्त होत असेल, तर लहरींची आवर्तने बदलतात, आणि किती बदलली यावरून वेग काढता येतो. पोलिसांच्या हातातील रडार-बंदूक हेच करते. ती रेडिओ-लहरी सोडते, धावत्या मोटारीवर आपटून आलेला त्यांचा पडसाद झेलते आणि दोहोंतील फरकावरून वेगाचा आकडा दाखविते. अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात ग्लॅस्टनबरी येथे १९४७ साली वाहतुकीवर नजर ठेवण्यासाठी रडारचा वापर सुरू झाला. महायुद्धात विमाने हेरणारी विद्या अशा रीतीने रस्त्याच्या कडेला येऊन उभी राहिली.

आता या बंदुकीला चकविणारे यंत्र पाहा. ते स्वतः काहीच मोजत नाही. ते केवळ ऐकते. रात्री शेताच्या बांधावरून राखणदार विजेरी घेऊन येत असला, तर त्याच्या विजेरीचा ठिपका आपल्याला फार लांबून दिसतो. पण त्याला आपण दिसावयाचे, तर प्रकाश आपल्यापर्यंत येऊन पुन्हा त्याच्या डोळ्यांपर्यंत परत जावा लागतो. रडारचे नेमके असेच आहे. पडसादाला दुहेरी प्रवास घडतो व तो क्षीण होतो. मोटारीतील शोधकाला मात्र एकेरी प्रवासाची ताजी लहर मिळते. म्हणून पोलिसांना वेग कळण्यापूर्वीच चालकाला पोलिसांचा सुगावा लागतो.

पंचावन्न मैलांची गोष्ट

या यंत्राचा प्रसार का झाला, हे समजण्यासाठी १९७३ च्या तेलटंचाईकडे जावे लागते. अरब राष्ट्रांनी तेल रोखले आणि इंधन वाचविण्यासाठी अमेरिकेने १९७४ च्या जानेवारीत सर्व देशभर ताशी ५५ मैलांची, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटरची कमाल मर्यादा घातली. ७० मैलांच्या वेगासाठी बांधलेल्या सरळ, रुंद रस्त्यांवर ही मर्यादा लोकांना जाचक वाटली. ट्रकचालक रेडिओवरून एकमेकांना पोलिसांची खबर देऊ लागले. त्याच दशकात ओहायो राज्यातील डेल स्मिथ यांचे 'फझबस्टर' हे यंत्र बाजारात आले, आणि १९७८ साली जिम जेगर व माइक व्हॅलेंटाइन या दोघांनी 'एस्कॉर्ट' नावाचे अधिक संवेदनशील यंत्र विकावयास काढले. देशव्यापी वेगमर्यादा १९८७ साली काहीशी सैल झाली व १९९५ साली रद्द झाली. पण तिच्या पोटी जन्मलेला हा व्यवसाय मात्र टिकला.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे की, या यंत्राची कड घेणारे सारेच काही उनाड चालक नव्हते. १९७९ साली फ्लोरिडातील मायामी येथे पोलिसांच्या रडारची परीक्षा झाली, तेव्हा एका झाडाचा वेग ताशी ८६ मैल आणि एका घराचा वेग २८ मैल दाखविला गेला! तेथील न्यायाधीशांनी त्या वर्षी रडारचा पुरावा अग्राह्य ठरविला. यंत्राचा आकडा म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे, एवढा धडा त्यातून सर्वांनाच मिळाला. पुढे यंत्रे सुधारली आणि ती हाताळणाऱ्यांच्या प्रशिक्षणाकडेही अधिक लक्ष दिले जाऊ लागले.

ते लपवितात कसे

काचेला चिकटविण्याचे साधे यंत्र चोराच्या नजरेस पडते, पोलिसांच्याही पडते. म्हणून हौशी व पैसेवाले मोटारमालक ते कायमचे व अदृश्य बसवून घेतात. या कामाची रचना समजून घेण्यासारखी आहे.

रडारच्या लहरी ग्रहण करणारी पेटी मोटारीच्या नाकाशी, पुढच्या जाळीच्या मागे बसवितात. प्लास्टिकमधून या लहरी आरपार जातात, धातूच्या पत्र्यातून जात नाहीत. म्हणून तिच्यासमोर पत्रा येणार नाही, ती रस्त्याशी समांतर राहील आणि इंजिनाच्या धगीपासून दूर असेल, हे पाहावे लागते. लेसर ओळखणारे डोळे निराळे असतात. त्यांच्यासमोर प्लास्टिकही चालत नाही. त्यांना उघडी दृष्टी लागते. पोलीस लेसरचा नेम बहुधा नंबरप्लेटवर किंवा दिव्यांवर धरतात, म्हणून हे डोळे त्यांच्याच आसपास जाळीच्या आडव्या पट्ट्यांत बसवितात. मागूनही नेम धरला जातो, म्हणून काही जण मागच्या बाजूसही एक डोळा ठेवतात.

तेथून वायरी इंजिन व बैठक यांमधील पत्र्याच्या भिंतीतून आत आणतात. त्या भोकाला रबरी कडे नसेल, तर पत्र्याच्या धारेने वायर कापली जाऊन आग लागण्याचे भय असते. वीज फ्यूजच्या पेटीतून अशा ठिकाणाहून घेतात की, किल्ली फिरविल्याशिवाय ती चालू होऊ नये. अन्यथा बॅटरी रात्रभरात उतरते. मुख्य पेटी समोरच्या फळीखाली दडते. बाहेर राहतो तो एक बारीक दिवा, एक लहानसे बटण आणि आवाजाची एक पुंगी. काचेच्या कडेच्या खांबातून वायर ओढताना मात्र फार जपावे लागते, कारण अनेक नव्या मोटारींत तेथे संकटकाळी फुगणारी हवेची पिशवी घडी करून ठेवलेली असते. तिच्या वाटेत वायर आली, तर जीव वाचविणारे साधनच निकामी व्हावयाचे. चार पैसे वाचविण्यासाठी हे काम अर्धवट जाणकाराकडून करवून घेणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात धरावे.

इतके करूनही हा पहारेकरी वारंवार उगाच ओरडतो. दुकानांची आपोआप उघडणारी दारे रडारच्या पट्ट्यातील लहरी वापरतात. शेजारून जाणाऱ्या नव्या मोटारींतही बाजूचे वाहन ओळखणारी छोटी रडारयंत्रे असतात. त्यांपैकी पुष्कळांची आवर्तने पोलिसांच्या एका पट्ट्याशी, सेकंदाला सुमारे २४ अब्जांशी, जुळतात. 'लांडगा आला रे' म्हणून रोज ओरडणाऱ्या पोराची जी गत झाली, तीच या यंत्राची होते: खरा प्रसंग येतो तेव्हा चालकाचे लक्षच नसते.

लेसरपुढे शहाणपण

लेसरची गोष्ट आणखी कठीण. लेसर-बंदूक डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाचे अतिसूक्ष्म ठोके सोडते आणि प्रत्येक ठोका परत येण्यास किती वेळ लागला यावरून अंतर काढते. अंतर क्षणोक्षणी किती घटते, तोच वेग. रडारचा झोत रस्ताभर पसरतो, तर लेसरचा झोत ३०० मीटरांवरही जेमतेम मीटरभर रुंदीचा असतो. तो दुसऱ्या कोणाच्या मोटारीवरून सांडून आपल्याला आगाऊ सूचना देईल, अशी आशा फारशी नसते. त्याचा नेम आपल्यावर लागतो तेव्हाच शोधक वाजतो, आणि अर्ध्या सेकंदाच्या आत वेग नोंदलाही गेलेला असतो. म्हणजे हा पहारेकरी चोर घरात शिरल्यावर हाक मारतो! दोन कॅमेऱ्यांमधील अंतर व लागलेला वेळ यांवरून जेथे सरासरी वेग काढतात, तेथे तर तो मूकच राहतो.

कायद्याची बाजू

अमेरिकेतील बहुतेक राज्यांत खाजगी मोटारीत हा शोधक ठेवणे गुन्हा नाही. मात्र व्हर्जिनिया राज्यात व राजधानी वॉशिंग्टनमध्ये तो निषिद्ध आहे, आणि मोठ्या व्यापारी वाहनांना तर देशभर मनाई आहे. कॅनडातील बहुतेक प्रांतांतही बंदी आहे. पोलिसांच्या रडारलाच आंधळे करण्यासाठी उलट लहरी सोडणारी यंत्रे अमेरिकेत सर्वत्र बेकायदेशीर आहेत.

लपवून बसविण्याचा खरा पेच येथेच येतो. मेरीलँड राज्यात राहणाऱ्या मुलाच्या मोटारीत हे यंत्र बसविलेले असले, तर तेथे ते गैर नाही. पण पोटोमॅक नदीचा पूल ओलांडून व्हर्जिनियात शिरताच ते गैर ठरते. तेथील कायद्यानुसार यंत्र बंद ठेवल्यानेही सुटका होत नाही. त्याला वीज मिळत नव्हती आणि ते चालकाच्या हाताशीही नव्हते, असे दिसले तरच दोष टळतो. काचेवरचे यंत्र काढून डिकीत टाकता येते. अंगात शिवलेले यंत्र पुलावर कसे उसवणार? शिवाय काही शोधक स्वतःच किंचित लहरी बाहेर गळू देतात, आणि त्या हुंगणारी यंत्रे पोलिसांजवळ असतात. लपणारा लपला तरी त्याचा श्वास ऐकू येतो.

त्याच व्हर्जिनियात मर्यादेपेक्षा २० मैल अधिक किंवा ताशी ८५ मैलांहून अधिक वेगाने मोटार हाकणे हा केवळ दंडाचा नव्हे, तर फौजदारी गुन्हा मानला जातो. अमेरिकेच्या व्हिसाच्या अर्जात पूर्वीच्या अटकेविषयी व गुन्ह्याविषयी स्पष्ट प्रश्न असतो, हे ज्यांनी तो अर्ज भरला आहे त्यांना आम्ही सांगावयास नको. आईवडिलांनी दागिने गहाण ठेवून परदेशी धाडलेल्या मुलाच्या कागदावर असा डाग पडावा, इतकी त्या चार मैलांची किंमत आहे काय?

आपल्या रस्त्यांवर

इकडे आपल्याकडेही लेसर-बंदुका व कॅमेरे रस्तोरस्ती आले आहेत आणि त्यांना चुकविण्याच्या युक्त्यांची चर्चा तरुण मंडळींत चालते. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर हलक्या वाहनाच्या अतिवेगास १,००० ते २,००० रुपये दंड आहे. शिवाय २०२१ साली झालेल्या नियमाप्रमाणे, जेथे यंत्राने पाळत ठेवली जाते त्या टप्प्याच्या आधी ठळक सूचनाफलक लावणे आवश्यक केले आहे. महागड्या यंत्राने जे गुपचूप सांगावे, तेच सरकारी फलकाने उघडपणे व फुकट सांगावे, असा हा नियम आहे.

दंडाचा आकडा मात्र फारच लहान हिशेब झाला. २०२२ या एका वर्षात भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली, आणि त्यांतील सुमारे ७१ टक्के मृत्यू अतिवेगाच्या खाती नोंदले गेले. का, ते साध्या गणिताने कळते. ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या चालकाला समोर बैल दिसला, तर पाय ब्रेकवर पडेपर्यंतच्या दीड सेकंदात मोटार सुमारे ४२ मीटर जाते, आणि चांगल्या कोरड्या रस्त्यावर ती थांबेपर्यंत आणखी ५५ मीटर, एकूण ९७. आता वेग १३० धरा. जेथे पहिली मोटार उभी राहिली, त्याच जागी ही दुसरी मोटार अजून ताशी ९५ किलोमीटरच्या वेगाने धावत असते! वेग तीस टक्क्यांनीच वाढला. पण एक मोटार बैलाच्या पुढ्यात थांबली आणि दुसरी त्याच्यावर जाऊन आदळली.

आणि मिळाले काय? बडोदे-अहमदाबाद द्रुतगती मार्ग सुमारे ९३ किलोमीटरांचा. तो १०० च्या वेगाने ५६ मिनिटांत सरतो, १३० च्या वेगाने ४३ मिनिटांत. लाभ तेरा मिनिटांचा. तोही वाटेत कोठे खोळंबा न झाला तर.

रडार-शोधकाची रचना बुद्धीची साक्ष देते, यात शंका नाही. जिज्ञासू मुलांनी ती अवश्य समजून घ्यावी. डॉप्लरचे तत्त्व पुस्तकात वाचण्यापेक्षा येथे अधिक लवकर उमगेल. पण तो पहारेकरी पोलिसांची वर्दी देतो, वळणावरच्या बैलाची देत नाही, फुटलेल्या टायरची देत नाही, रस्ता ओलांडणाऱ्या पोराची देत नाही. यंदा ज्यांना मुलाकडे जावयाचे असेल, त्यांनी लाडूचिवड्याचे डबे भरताना एक प्रश्नही बरोबर न्यावा. मोटारीत बसताना मुलाला सहज विचारावे की, "अरे, हिच्यात असे काही लपविले आहे का? आणि आपण उद्या कोणत्या राज्यातून जाणार?" वडीलधाऱ्यांनी विचारलेल्या एवढ्याशा प्रश्नानेही पुष्कळ वेळा ॲक्सिलरेटरवरचा पाय हलका होतो, असा आमचा विश्वास आहे.