किरण दिलेला आंबा, ट्रॉम्बेचे बियाणे आणि भंगारातील धोका

उरण-अलिबाग पट्ट्यात 'ट्रॉम्बे' हे नाव नवीन नाही. भाभा अणुसंशोधन केंद्र खाडीपलीकडेच आहे. तेथे तयार झालेला व १९९१ साली प्रसारित झालेला टीएजी-२४ भुईमूग उन्हाळी हंगामासाठी ओळखला जातो. तरीही 'हे बी हाताळले तर अपाय होईल का?', 'किरण दिलेला हापूस मुलांना द्यावा का?' अशी शंका अनेकांच्या मनात असते.

किरण लागणे वेगळे आणि किरणोत्सारी पदार्थ अंगाला चिकटणे वेगळे. खळ्यावर वाळवलेले भात घरात आणले तर कणगीतून ऊन बाहेर पडत नाही. चिखलणी करून आलेल्याचे पाय मात्र माजघरापर्यंत उमटतात. २००७ साली अमेरिकेस गेलेल्या आंब्यांना कोयीतील भुंग्याच्या बंदोबस्तासाठी लासलगाव येथे किरण दिले गेले. त्यासाठी किमान मात्रा ४०० ग्रे ठरलेली आहे. कोबाल्ट-६० पोलादी नळ्यांत बंद असतो, फळ त्याला शिवतही नाही. त्याच्या गॅमा किरणांनी फळ स्वतः किरणोत्सारी बनत नाही. बियाण्याचेही तसेच. किरण दिले ते मूळ बियाण्याला, आपल्या पोत्यातील दाणा कित्येक पिढ्यांनंतरचा. बी हाताळताना जपायचे ते त्याला चोळलेल्या बुरशीनाशकापासून.

मग भीती कशाची बाळगावी? उघड्यावर आलेल्या मूळ पदार्थाची. तो ओळखणे कठीण असते. नंबरपट्टीवरच्या ज्या चकाकत्या कागदाला आपण 'रेडियम' म्हणतो त्यात रेडियम नसतेच, तो समोरचा उजेड परतवतो एवढेच. खरा कोबाल्ट-६० साध्या रुपेरी धातूसारखा दिसतो. वास नाही, हाताला वेगळेपणा नाही. एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात एका विद्यापीठाचे जुने गॅमा यंत्र तोडले गेले आणि आतील कोबाल्ट उघडा पडला. अनेकांना बाधा झाली, एकाचा मृत्यू झाला. क्वचित पदार्थ चमकतोही, पण ते अधिकच घातक ठरते. १९८७ साली ब्राझीलमधील गोयानिया येथे निळी चमकणारी सीझियमची भुकटी लोकांनी कौतुकाने घरोघरी नेली. चौघे दगावले.

आपणही कुंपणाचे अँगल, पाइप, पिंपे भंगारातून घेतो. कारखान्यांत पाइपांचे सांधे तपासण्यासाठी इरिडियम-१९२ वापरतात, त्याची कुपी बोटाच्या पेराहूनही लहान असते. आकाराच्या मानाने फार जड असलेली शिशाची पेटी किंवा तीन पात्यांचे चिन्ह दिसल्यास ती वस्तू फोडू नये, उचलू नये, खिशात तर मुळीच घालू नये. लांब व्हावे, लहान वस्तूपासूनचे अंतर दुप्पट केले की किरणांचा मारा चौथ्या हिश्शावर येतो. पोलिसांना कळवावे व प्रकरण अणुऊर्जा नियामक मंडळापर्यंत पोचवण्यास सांगावे. हात लागलाच असेल तर काही खाण्यापूर्वी साबणाने धुवावा व कपडे पिशवीत बांधून वेगळे ठेवावेत. कातडीवरचा भाजल्यासारखा डाग कित्येक दिवसांनी उठतो, तेव्हा डॉक्टरांना त्या भंगाराबद्दल आपणहून सांगावे.