रोहित आणि तिवर: लाल यादीत कोण कुठे?

द्रोणागिरीलगतच्या पाणजे पाणथळीवर उतरणारा छोटा रोहित पक्षी (फ्लेमिंगो), शास्त्रीय नाव फिनिकोनायस मायनर. त्याच्या कुळात जगभरात अवघ्या ६ जाती. आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत तो ‘संकटसमीप’.

खाडीकाठचे तिवर म्हणजे ॲव्हिसेनिया मरिना. कूळ चक्क अडुळशाचे! यादीत नोंद ‘कमी चिंताजनक’. म्हणून ते तोडायला मोकळीक आहे, असे मात्र समजू नका. लाल यादी जात नामशेष होण्याचा जागतिक धोका सांगते, तोडीचा परवाना देत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८मध्ये राज्यभरातील कांदळवनांच्या तोडीवर बंदी घातली आहे. शिवाय कुऱ्हाडच लागते असे नाही. भरतीच्या पाण्याची वाट बुजवली, तरी तिवर वाळते आणि रोहिताचे खाद्य असलेले शैवालही आटते.