साठा मर्यादेत, सेवा वेळेत

खकनार तहसिलीतील गावांना उन्हाळ्यातील पाण्याचे मोल सांगावे लागत नाही. घरी रांजण भरलेला असला, म्हणजे प्रत्येक तांब्यासाठी विहीर गाठावी लागत नाही. संगणकाच्या व्यवहारात ‘कॅश सर्व्हर’ हेच कार्य करतो. अर्जाचा नमुना वा परिपत्रक मूळ सर्व्हरवरून एकदा आणून तो जवळ ठेवतो आणि पुढील मागणीदारांस तेथूनच देतो. त्यामुळे वेळ वाचतो व मूळ सर्व्हरवरील भार हलका होतो.

परंतु घरातील जागा पाहूनच रांजण घ्यावा लागतो. 1996 पासून प्रचारात असलेल्या ‘स्क्विड’ या प्रणालीत ‘कॅश-मेम’ नावाची मर्यादा असते. ती बदलली नाही तर 256 मेगाबाईट राहते. ही मर्यादा संपूर्ण प्रणालीची आहे, असा समज अनेकदा होतो. वस्तुतः ती मुख्यतः स्मृतीत ठेवलेल्या पानांपुरतीच असते. हार्ड डिस्कवरील साठ्याची सूचीही स्मृतीतच राहते आणि 64 बिटांच्या यंत्रावर दर गिगाबाईट साठ्यामागे तिला सुमारे 14 मेगाबाईट लागतात.

उदाहरणार्थ, यंत्राची स्मृती 8 गिगाबाईट व डिस्कवरील साठा 100 गिगाबाईट असल्यास सूचीसच सुमारे 1.4 गिगाबाईट लागतील. अशा वेळी कॅश-मेम 6 गिगाबाईट ठेवल्यास इतर कामांस जेमतेम जागा उरेल. स्मृती अपुरी पडताच यंत्र तिच्यातील मजकूर डिस्कवर हलवू लागते. डिस्कची गती स्मृतीहून फार कमी असल्याने, ज्या वेगासाठी ही व्यवस्था केली तोच नाहीसा होतो. त्याऐवजी 2 गिगाबाईट ठेवणे हिताचे होय. जागा भरल्यावर, बराच काळ कोणी न मागितलेली पाने प्रणाली आपोआप काढून टाकते.

एक दक्षता अत्यावश्यक आहे. विद्यार्थ्याचे गुणपत्रक किंवा शेतकऱ्याच्या खात्याचा तपशील सामाईक साठ्यात ठेवता कामा नये. एकाची माहिती दुसऱ्याच्या हाती पडण्याचा धोका असतो. शिवाय आज बहुतेक संकेतस्थळांचे दळणवळण सांकेतिक रूपात होत असल्याने वाटेवरील सर्व्हरला ती पाने वाचता वा साठवता येत नाहीत. म्हणून असा साठा आता मुख्यतः संकेतस्थळाच्या स्वतःच्या दाराशीच उपयोगी पडतो.

निकालाच्या वा अर्जाच्या अखेरच्या दिवशी दूरच्या गावातील विद्यार्थ्यास पान वेळेत दिसावे, हाच या हिशेबाचा हेतू आहे. तो हिशेब गर्दी होण्यापूर्वीच करावयास हवा.