मशीनच्या आधीचे महिने

छत्रपती संभाजीनगरच्या हर्सूलमध्ये राहणाऱ्याला डायलिसिसची सोय लांब नाही. टी-पॉइंटवर रिक्षा धरली की दिल्ली गेटवरून घाटी रुग्णालय. एमजीएम किंवा कमलनयन बजाजला जायचं तर आणखी थोडा वेळ. फुलंब्री-सिल्लोडकडून पहाटेच्या एसटीने येणाऱ्या जोडप्यांच्या मानाने ही मोठीच सोय. पण जवळ असल्यामुळेच घर गाफील राहतं. डॉक्टर म्हणतात, तयारी करा. घर म्हणतं, वेळ आली की बघू, हाकेवर तर आहे. आणि वेळ येते ती बहुधा मध्यरात्री, दम लागलेला असताना. मग घाईघाईने मानेतल्या शिरेत नळी घालून पहिलं डायलिसिस होतं. हे पुष्कळदा टळू शकतं. ते टाळण्याचं निम्मं काम डॉक्टरांचं, उरलेलं जोडीदाराचं, आणि ते मशीन सुरू होण्याच्या कित्येक महिने आधीचं असतं.

आधी आकडे समजून घेऊ. रिपोर्टवर सगळ्यांची नजर क्रिएटिनिनवर जाते. त्याच्या शेजारी ईजीएफआर नावाचा आकडा असतो, तो घरच्यांनी जास्त पाहावा. किडनी मिनिटाला किती रक्त गाळते याचा तो अंदाज. ९०च्या वर तो ठीक मानतात. १५च्या खाली गेला की पाचवा टप्पा. २०च्या आसपास येऊन घसरतच असेल, तर तयारीला लागायचं. मात्र १५ झाले म्हणून उद्याच मशीनवर, असं नसतं. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१० मध्ये आले. त्यात निव्वळ आकडा पाहून लवकर डायलिसिस सुरू केलेल्यांना, लक्षणं येईपर्यंत थांबलेल्यांपेक्षा जास्त आयुष्य मिळालं नाही. अर्थात ते थांबणं डॉक्टरांच्या देखरेखीखालचं होतं. रिपोर्ट कपाटात ठेवून थांबणं नव्हे.

लक्षणं आधी दिसतात ती शेजारी झोपणाऱ्याला. उशीवर दुसरी उशी आली, आडवं पडलं की खोकला येतो, रात्र जागून काढली आणि दिवसभर पेंग आहे, सकाळी दात घासताना मळमळ, आवडीची भाजी नकोशी, अंगाला खाज, संध्याकाळी पायावर बोट दाबलं की खड्डा. रुग्ण हे डॉक्टरांना सांगतोच असं नाही. 'बरं आहे' म्हणून उठतो. म्हणून हे वहीत लिहून ठेवा, तपासणीला सोबत जा आणि वाचून दाखवा. बसूनच झोपावं लागणं, बडबडणं किंवा भान हरपणं, हातापायांना झटके, छातीत दुखणं, यांतलं काही झालं तर मात्र सकाळची वाट पाहायची नाही.

आता हाताची गोष्ट. डायलिसिसमध्ये मिनिटाला साधारण २५० ते ३५० मिलिलिटर रक्त बाहेर काढून, गाळून परत द्यावं लागतं. साधी शीर एवढा प्रवाह देऊ शकत नाही. म्हणून मनगटाजवळ किंवा कोपरापाशी एक शीर रोहिणीला जोडतात. यालाच फिस्टुला म्हणतात. १९६६ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी ही युक्ती प्रसिद्ध केली, आणि आजही तिच्याहून चांगला मार्ग सापडलेला नाही. रोहिणीच्या दाबाने शीर हळूहळू फुगते, तिची भिंत जाड होते, मग त्यात सुया घालता येतात. याला किमान सहा आठवडे, बऱ्याचदा तीन महिने लागतात. काही फिस्टुला चालतच नाहीत, पुन्हा करावे लागतात. म्हणून आधी करायचा.

फिस्टुला करण्याआधीही हात जपावा लागतो. बहुतेक वेळा ज्या हाताने काम करत नाही तो हात निवडतात. त्या हातातून रक्त काढू द्यायचं नाही, सलाईन लावू द्यायचं नाही. दवाखान्यात नर्स घाईत असते, रुग्ण ग्लानीत; 'सिस्टर, हा हात नको, लागलंच तर दुसऱ्या हाताच्या पंज्यावरची शीर घ्या,' हे म्हणायला सोबतचा माणूसच लागतो. जोड झाल्यावर त्या हातावर रक्तदाबही मोजायचा नाही, त्या कुशीवर हात दाबून झोपायचं नाही, भरलेली बादली उचलायची नाही. रुग्ण बाई असेल तर बांगड्यांचा प्रश्न येतो. घट्ट बांगड्या त्या हातात नकोत. दुसऱ्या हातात भरायला काहीच हरकत नाही, आणि हे सासूबाईंना नवऱ्याने समजावलेलं बरं.

रोज सकाळी जोडावर बोटं ठेवून थरथर जाणवते का पाहायचं. ती थांबली तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं, कारण गुठळी लवकर काढली तर जोड वाचू शकतो. तिथून रक्त येऊ लागलं तर वर पंचे गुंडाळत बसू नका; नेमक्या जागेवर बोटाने दाबून धरा, हात उंच करा आणि रुग्णालय गाठा. मानेतली नळी घ्यावी लागलीच, तर ती कोरडी राहिली पाहिजे आणि थंडी वाजून ताप आला की लगेच दाखवलं पाहिजे. नळीतून जंतू थेट रक्तात जातात.

याच काळात हिपॅटायटिस बीची लस उरकून घ्यायची. किडनीच्या रुग्णाला ती नेहमीच्या दुप्पट मात्रेत देतात, डोस पूर्ण व्हायला साधारण सहा महिने जातात, आणि शेवटी ती लागू पडली का हे रक्त तपासून पाहतात. उशीर झाला की ही लस हमखास मागे पडते.

मशीन काय करतं? रक्त बदलत नाही, हे आधी सांगायला हवं, कारण गल्लीत तसंच बोललं जातं. रुग्णाचंच रक्त एका नळकांड्यातल्या केसासारख्या हजारो पोकळ तंतूंतून फिरतं. तंतूंच्या बाहेरून क्षार मोजून घातलेलं शुद्ध पाणी वाहतं. रक्तातलं नकोसं द्रव्य तंतूंच्या सूक्ष्म छिद्रांतून पाण्यात उतरतं. बटाट्याच्या फोडी भरपूर पाण्यात उकळून पाणी फेकलं की त्यातलं पोटॅशियम बरंच निघून जातं, तोच हा नियम. एका बैठकीला १०० लिटरहून अधिक पाणी लागतं, म्हणून प्रत्येक केंद्रात पाणी शुद्ध करण्याचा वेगळा संच असतो. पहिल्या काही बैठका मुद्दाम कमी वेळाच्या ठेवतात. एकदम सफाई केली तर डोकं दुखतं, उलट्या होतात. पुढे आठवड्यातून तीनदा चार-चार तास. आपल्याकडे पुष्कळ रुग्ण दोनदाच करतात. लघवी अजून चांगली होत असेल तर काही काळ ते भागू शकतं, पण तो निर्णय डॉक्टरांनी घ्यायचा, भाड्याच्या पैशांनी नव्हे.

दुसरा मार्ग पोटाच्या डायलिसिसचा. पोटात मऊ नळी बसवतात, घरीच दिवसातून साधारण चार वेळा दोन-दोन लिटर द्रावण आत सोडून काही तासांनी बाहेर काढतात. सुया नाहीत, खेपा नाहीत. मात्र हात धुण्याची शिस्त आणि द्रावणाच्या पिशव्या ठेवायला स्वच्छ जागा हवी. हर्सूलच्या दोन खोल्यांत ते जमेल का, हे जोडप्याने आधी ठरवावं. मला वाटतं, या पर्यायाबद्दल डॉक्टरांना विचारलंच जात नाही, हे वाईट आहे.

स्वयंपाकघराबद्दल सल्ले देणारे पुष्कळ, म्हणून थोडं सविस्तर. पहिलं मीठ. दिवसाचं सगळं मिळून सपाट चमचाभर, त्याहून जास्त नाही. आपली भाकरी बिनमिठाची, ही मोठीच मदत. सगळा घोळ ठेचा, लोणचं, पापड आणि फरसाणात आहे. पापडात मिठावर आणि पापडखाराचं सोडियम. सैंधव घेतलं म्हणून सुटका नाही, तेही मीठच. आणि 'कमी सोडियमचं' म्हणून विकलं जाणारं मीठ तर घरात आणूच नका. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं, आणि निकामी किडनीच्या माणसात वाढलेलं पोटॅशियम हृदय बंद पाडू शकतं.

इथेच भेटायला येणाऱ्यांची पंचाईत होते. आजाऱ्याला भेटायला जाताना आपण शहाळं नेतो, जालन्याकडची मोसंबी नेतो, केळी नेतो. तिन्हींत पोटॅशियम. पाहुण्यांसमोर नको म्हणणं रुग्णाला जड जातं. जोडीदाराने पिशवी हसून घ्यावी, आत ठेवावी आणि शेजारच्या पोरांना वाटून टाकावी. कमरख मात्र एक फोडसुद्धा नको: किडनी गेलेल्या माणसाच्या मेंदूवर त्यातल्या विषाचा परिणाम होतो. पालेभाज्या, बटाटा, रताळं बारीक चिरून, उकळून, पाणी टाकून वापरता येतात. हे पाणी आमटीत घालायचं नाही. काटकसरीची सवय असलेल्या हाताला हे अवघड जातं.

डाळी, अंडी, दूध यांचं गणित मध्येच उलटतं आणि घरं गोंधळतात. डायलिसिसआधी प्रथिनं मोजून, कमी. डायलिसिस सुरू झालं की वाढवायची, कारण मशीन प्रथिनांचे घटकही ओढून नेतं आणि अंग झडतं. 'डॉक्टरांनी डाळ बंद केली होती' म्हणत कित्येक महिने तोच जुना कागद फ्रीजवर चिकटलेला असतो. डायलिसिसच्या पहिल्या आठवड्यात आहारतज्ज्ञाकडून नवा कागद घ्या.

पाण्याचा हिशेब साधा: काल जेवढी लघवी झाली, तेवढं अधिक अर्धा लिटर. त्यात चहा, ताक, आमटीचं पाणी, कलिंगड सगळं आलं. एप्रिल-मेमध्ये हर्सूलच्या पत्र्याखाली हा नियम पाळणं म्हणजे काय, ते तिथे राहणाऱ्यालाच कळेल. दिवसाचं पाणी सकाळीच एका बाटलीत भरून द्यावं, लहान कप वापरावा, तोंडात बर्फाचा खडा धरावा, तोही हिशेबात. आणि मीठ कमी, कारण तहान मिठाने लागते. पण बाटलीवर पहारा करू नका. 'किती प्यायलात?' हा प्रश्न दिवसातून दहा वेळा विचारला की माणूस चोरून पितो. सकाळचं वजन रुग्णाने स्वतः करावं आणि स्वतःच लिहावं. काट्याशी भांडता येत नाही, बायकोशी येतं.

हे सगळं लिहिताना नवरा आजारी आणि बायको सांभाळणारी, असंच चित्र डोळ्यांपुढे येतं. उलटं असतं तेव्हा मात्र अनेक घरांत आजारी बाईच स्वतःचं बिनमिठाचं आणि इतरांचं चमचमीत, असे दोन स्वयंपाक करत राहते. नवऱ्याला निदान कुकर लावता यावा, भाजी उकळून पाणी फेकता यावं. डायलिसिसहून परतलेल्या माणसाला त्या दिवशी उभं राहवत नाही.

दुखलं की स्वतःच्या मनाने डायक्लोफिनॅक नाही, आयबुप्रोफेन नाही. काढे आणि भस्मं नाहीत. काहींत पारा-शिसं निघालेलं आहे. उरलीसुरली किडनी जेवढी टिकेल तेवढं लघवीचं प्रमाण राहतं, आणि तेवढं पाणी जास्त पिता येतं.

कागदपत्रं आधी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना, जी २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी म्हणून सुरू झाली, तिच्यात डायलिसिस बसतं. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचं टेबल असतं. रेशनकार्ड आणि आधार घेऊन प्रकृती ठीक असतानाच तिथे जा. दोन्हींवर नावाचं स्पेलिंग वेगळं असेल तर ते दुरुस्त करायला जो वेळ लागतो, तो मानेत नळी असताना मिळत नाही. जिल्हा रुग्णालयांत राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम २०१६ पासून आहे. दारिद्र्यरेषेखालच्यांना तिथे पैसे पडत नाहीत.

भीतीबद्दल. 'मशीनवर घेतलं म्हणजे संपलं' ही समजूत मुळात घरातूनच रुग्णाच्या कानावर जाते. जयप्रकाश नारायण आणीबाणीत स्थानबद्ध असताना त्यांच्या किडन्या निकामी झाल्या. १९७५ च्या नोव्हेंबरात सुटका झाल्यावर मुंबईच्या जसलोकमध्ये त्यांच्यावर उपचार झाले आणि डायलिसिस सुरू झालं. त्यानंतर ते जवळपास चार वर्षं जगले, आणि १९७७ मध्ये विरोधी पक्षांची मोट बांधून त्यांनी सत्ताबदल घडवला, तो डायलिसिसवर असतानाच. तेव्हाची यंत्रं आजच्या मानाने फार ओबडधोबड होती.

किडनी देण्याचा विषयही याच महिन्यांत निघतो. १९९४ च्या कायद्यानुसार नवरा-बायको जवळचे नातेवाईक धरले जातात. रक्तगट जुळला नाही तर तशाच दुसऱ्या जोडप्याशी अदलाबदल करण्याची मुभा २०११ च्या दुरुस्तीने दिली. डायलिसिसची पायरी न चढता थेट प्रत्यारोपणही होऊ शकतं. प्रत्यारोपणाचा विचार असेल तर रक्त चढवणं शक्यतो टाळतात, कारण त्याने शरीरात परक्या पेशींविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात. रक्त वाढवायला इंजेक्शनं असतात. देणाऱ्यांत आपल्याकडे बायकाच जास्त, हे सगळ्यांना माहीत आहे. किडनी देणार असाल तर डॉक्टरांशी एकटीने बोलायला मागा. तिथे 'नाही' म्हटलं तर कारण घरी सांगावं लागत नाही. देणारं कुणी नसेल तर मृत दात्याच्या अवयवासाठी मराठवाड्याची यादी आपल्याच शहरातल्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्रातून चालते. नाव रुग्णालयामार्फत नोंदवायचं.

जोडीदाराने स्वतःचा रक्तदाब आणि साखरही एकदा तपासून घ्यावी; एकाच ताटातलं मीठ दोघांनी वर्षानुवर्षं खाल्लेलं असतं. स्वतःला ताप आला तर आपल्या जागी सोबत कोण जाईल, दीर, भाचा की शेजारी, ते नाव आधी ठरलेलं असावं.

आणि सण-लग्नांचं. सोम-बुध-शुक्र अशा पाळ्यांत शनिवार-रविवारी दोन दिवसांचं अंतर पडतं, आणि त्या अंतराच्या शेवटी मृत्यू आणि हृदयविकाराचा धोका जास्त असतो, हे अमेरिकेतल्या मोठ्या नोंदींतून दिसलेलं आहे. पंगती नेमक्या रविवारीच उठतात. तेव्हा जेवण घरून करून जावं, लग्नात अक्षता टाकाव्यात. पुण्याला लेकीच्या बाळंतपणाला जायचं असेल तर तिथल्या केंद्रात आठवडाभर आधी जागा धरून ठेवा. सोबत एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी व सीचे ताजे रिपोर्ट, पाणी काढून झाल्यावरचं ठरलेलं वजन आणि शेवटच्या काही बैठकांचे कागद न्या. रेल्वेच्या तिकिटात डायलिसिसच्या रुग्णाला आणि सोबत्याला उपचारासाठीच्या प्रवासात सवलत असते. तिचा नमुना छापलेला असतो, त्यावर डॉक्टरांची सही निघण्याआधी घ्या.