यात्रेहून आलेली चिनी गोळ्यांची बाटली

वर्षावासात विहारातले ग्रंथवाचन आटोपले की दुखण्याखुपण्याच्या गोष्टी निघतात. उल्हासनगरच्या एका विहारात अशाच एका संध्याकाळी एका मावशींनी पिशवीतून बाटली काढून आमच्या हातात दिली. वर चिनी अक्षरे, आत काळ्या बारीक गोळ्या. भाचा थायलंडच्या धम्मयात्रेहून घेऊन आला होता. मावशी घरी बसून जीन्सचे धागे कापतात. दिवसभर मांडी घालून काम, त्यामुळे गुडघे आणि कंबर कायम धरलेली.

"सिस्टर, दोन दिवसांत दुखणं पळालं बघा. जडीबुटी आहे, केमिकल नाही. अजून मागवू का?"

आम्ही बाटलीऐवजी मावशींच्या चेहऱ्याकडे पाहत राहिलो. चेहरा गोल होऊन सुजल्यासारखा दिसत होता. मावशींना साखरेचा आजार आहे. "भूक लागते का फार?" विचारले, तर म्हणाल्या, "हो, औषध अंगी लागतंय ना!"

मावशींना नावे ठेवण्याचा आम्हाला अधिकार नाही, कारण आम्हीही तो मोह केला आहे. अंबरनाथ-बदलापूरच्या उपासिकांबरोबर आम्ही बँकॉकला गेलो होतो. तिथल्या वाट त्रायमित विहारातली सुमारे साडेपाच टन सोन्याची बुद्धमूर्ती पाहिली आणि बाहेर पडलो तर समोरच यावारात, म्हणजे चिनी लोकांची पेठ. दुकानांत मुळ्या, साली, वाळवलेली फळे बरण्यांत भरलेली. एका चिनी वैद्याकडे आमच्यापैकी दोघी कंबरदुखीसाठी गेल्या. त्याने जीभ पाहिली, दोन्ही मनगटांवर तीन बोटे ठेवून नाडी पाहिली आणि पाठीत, पायांत सुया लावल्या. सुई जागेवर गेली की जडपणा वाटतो, मुंगी चावल्यासारखे होते, मग झोप येते. दोघींनाही दोन-तीन दिवस बरे वाटले. घरी येऊन पुन्हा लोकलची उभी गर्दी आणि पाण्याचे हंडे सुरू झाले, तशी कंबरही पुन्हा बोलू लागली.

मग या उपचारात तथ्य आहे की नाही? चिनी वैद्यक म्हणते की शरीरात 'ची' नावाची शक्ती ठरलेल्या वाहिन्यांतून वाहते. शवविच्छेदनात अशा वाहिन्या कोणाला सापडलेल्या नाहीत. पण जुनाट कंबरदुखी, गुडघेदुखी, डोकेदुखी यांत सुयांनी काही लोकांना थोडा आराम पडतो, असे अभ्यासांत दिसले आहे. आराम पडतो, सांध्याची झीज भरून येत नाही. वैद्याने दोघींच्या पाठीवर काचेचे पेलेही लावले होते. ते पाहून आम्हाला हसू आले, कारण ही तर आपल्याकडची तुंबडी!

चीनशी आपले वैद्यकीय नाते जुने आहे. 1938 साली सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर यांच्यासह पाच भारतीय डॉक्टर युद्धात सापडलेल्या चीनच्या मदतीला गेले. कोटणीस 1942 मध्ये तिथेच वारले. त्यांच्याच तुकडीतले डॉ. बसू पुढे पुन्हा चीनला जाऊन सुयांचा उपचार शिकून आले आणि त्यांनी तो कलकत्त्यात सुरू केला. आज महाराष्ट्रात अॅक्युपंक्चरसाठी वेगळा कायदा आहे, नोंदणीसाठी परिषद आहे.

जडीबुटीचेही तसेच. चीनमधल्या थू योयो या संशोधक बाईंनी तापावरचे जुने ग्रंथ चाळले. सुमारे 1600 वर्षांपूर्वीच्या एका ग्रंथात लिहिले होते की चिंगहाव ही वनस्पती पाण्यात भिजवून, पिळून तिचा रस प्यावा. त्यात उकळण्याचा उल्लेख नव्हता. बाईंच्या लक्षात आले की उकळल्याने औषधी गुण जात असावा. त्यांनी कमी उष्णतेवर अर्क काढला, प्राण्यांवर तपासला, 1972 मध्ये स्वतः घेऊन पाहिला, मग रुग्णांना दिला. 2015 मध्ये त्यांना नोबेल मिळाले. त्याच वनस्पतीपासून बनलेले औषध आज आपल्या सरकारी दवाखान्यांत फाल्सिपेरम मलेरियाच्या रुग्णाला मोजून, दुसऱ्या औषधाच्या जोडीने दिले जाते. जुने होते म्हणून ते स्वीकारले गेले नाही. तपासात उतरले म्हणून स्वीकारले गेले.

तपासणी नसेल तर काय होते, तेही पाहा. 1990 च्या सुमारास बेल्जियममध्ये वजन कमी करायच्या गोळ्यांत एका चिनी मुळीच्या जागी दुसरीच मुळी गेली. शंभरच्या आसपास बायकांची मूत्रपिंडे खराब झाली, पुढे काहींना कॅन्सरही झाला. ती मुळी ज्या कुळातली, त्याच कुळातली सापसंद आपल्याकडे रानात सापडते. म्हणजे 'जडीबुटी आहे, अपाय होणार नाही' हे म्हणणे खरे नाही. शिवाय जडीबुटीच्या नावाखाली गोळीत स्टेरॉइड किंवा दुखण्याची इंग्रजी औषधे मिसळलेली अनेक देशांत पकडली गेली आहेत. जे औषध दोन दिवसांत जादू करते, त्याचा संशय आधी घ्यावा.

मावशींना आम्ही सांगितले, "गोळी आज एकदम बंद करू नका, उद्या सकाळी बाटली घेऊन आमच्याबरोबर चला." स्टेरॉइड बरेच दिवस पोटात गेले की शरीर स्वतःचे बनवणे कमी करते. अचानक थांबवले तर उलट्या, चक्कर, रक्तदाब कोसळणे, अगदी जिवावरही बेतू शकते. डॉक्टरांनाही तोच संशय आला. साखर तीनशेच्या वर होती. त्यांनी आपल्या देखरेखीखाली ते हळूहळू कमी केले. आज मावशींचा चेहरा पूर्वीसारखा आहे. गुडघे दुखतात, पण आता त्या पाटावर बसून काम करतात, तासाभराने उठतात आणि सांगितलेला व्यायाम करतात.

भगिनींनो, यात्रेला जाल तेव्हा एवढे लक्षात ठेवा. साखरेच्या, रक्तदाबाच्या, फिटच्या गोळ्या पुरेशा बरोबर न्या, कोणी सांगितले म्हणून बंद करू नका. सुया लावून घ्यायच्याच असतील तर नवे सीलबंद पाकीट आपल्यासमोर फोडायला लावा. वापरलेल्या सुईने कावीळ बी आणि सी पसरते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा दिवस गेले असतील तर आधी सांगा. सुयांनंतर छातीत दुखले, दम लागला तर थेट दवाखाना गाठा. छातीत वा खांद्यापाशी खोल गेलेली सुई फुप्फुसाला लागू शकते. ज्या गोळीवर काय, किती घातले आहे ते वाचता येत नाही, ती घेऊ नका आणि प्रेमाने कोणाला भेटही देऊ नका. आधीच घेत असाल तर बाटलीसकट उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय, अंबरनाथचे छाया रुग्णालय किंवा बदलापूरचे ग्रामीण रुग्णालय, जे जवळ असेल तिथे दाखवा. लाजू नका.

परंपरेने चालत आले म्हणून मानू नका, ग्रंथात आहे म्हणून मानू नका, तपासून पाहा आणि हिताचे असेल ते घ्या, असे तथागतांनी कालामांना सांगितले. बाटली चिनी असो, आपल्या वैदूची असो की मेडिकलवाल्याने चिठ्ठीशिवाय दिलेली असो, नियम तोच.

जय भीम!